तक्त्यावरची माणसे

संपादकाने 'आम्ही' म्हणून लिहावे असा संकेत आहे, आणि या पानावर आजवर मी तो पाळत आलो. आज मात्र तो मोडून 'मी' म्हणतो. कारण ज्या चुकीविषयी लिहावयाचे आहे ती माझी स्वतःची आहे, आणि 'आम्ही'च्या आडोशाने तिच्यात वाचकांना ओढणे बरे नव्हे.

प्रसंग गेल्या प्रजासत्ताकदिनाचा. बडोद्यातल्याच एका शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांचा 'आपला भारत' या नावाचा वेशभूषेचा कार्यक्रम होता. शाळेचे नाव सांगत नाही. सांगण्याचे कारणही नाही, कारण त्या दिवशी असाच कार्यक्रम शहरातल्या कितीतरी शाळांत चाललेला असतो. मला आणि आणखी दोघांना परीक्षक म्हणून बोलावले होते. या वयात बाकी कसली नाही तरी अशी आमंत्रणे भरपूर येतात. मुले एकामागून एक रंगमंचावर येत, 'मी पंजाब', 'मी बंगाल', 'मी तामिळनाडू' असे एक वाक्य म्हणत, आपल्या प्रांतातले एक पक्वान्न आणि एक सण सांगत आणि हात हलवून जात. पालक मोबाईल उंच धरून उभे. पोशाख बहुतेक भाड्याचे. त्यामुळे पंजाबचा फेटा राजस्थानच्याही डोक्यावर दिसला. त्यात काही बिघडले नाही. मुले गोड दिसत होती.

शेवटी एक मुलगा आला. कमरेभोवती आसोपालवाची पाने बांधलेली, तोंडाला काळा रंग, डोक्यात पीस, हातात पुठ्ठ्याचा भाला. 'मी आदिवासी' एवढेच तो म्हणाला आणि मग 'हू हा, हू हा' करीत रंगमंचभर नाचला. सभागृह हसून लोटपोट झाले. मीही हसलो. मुलगा आपल्याच लोकांपैकी एका जुन्या घराण्यातला, मोठा धीट आणि तालात पक्का. तिघा परीक्षकांचे एकमत व्हावयास अर्धा मिनिटही लागले नाही. पहिला क्रमांक त्याला दिला आणि कागदावर सही करणारा पहिला हात माझा.

कार्यक्रमानंतर बाहेर ओसरीवर चहा घेत उभा होतो. रंगमंचावर गळलेली पाने एक लहान मुलगी गोळा करीत होती. अंगावर काश्मीरचा पोशाख. तिला मी ओळखले. 'मी काश्मीर' म्हणून पुढचे वाक्य विसरलेली आणि आमच्याकडून फारसे गुण न मिळालेली हीच. मी थांबलो तशी तिने एक पान दाखवून मला गुजरातीत विचारले, "दादा, ए छोकरो कया गामनो हतो?" म्हणजे तो मुलगा कोणत्या गावचा होता?

मी म्हटले, अगं, तो इथलाच, बडोद्याचा. तिचे समाधान झाले नाही. तिला पानांतला मुलगा कोणत्या गावचा ते हवे होते. मग चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. वडील बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली. घर छोटाउदेपूरकडचे, जात राठवा. पोरगी शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यान्वये राखीव असणाऱ्या जागेवर या शाळेत आलेली. तिच्या गावात पाने नेसणारा कोणी नव्हता. म्हणून ते गाव कुठे आहे याची ती सरळपणे चौकशी करीत होती. सभागृहात आदिवासी म्हणता येईल असे एकच मूल होते, आणि त्याला आम्ही काश्मीरचा झगा घालून उभे केले होते.

वाचकहो, मी तिला काहीही उत्तर दिले नाही. चहाचा कप ठेवला आणि घरी आलो.

लहान मुलांना आपला देश, आपली माणसे, त्यांचे नित्याचे जीवन यांची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे लागला आहे. वस्तुतः तो नवा नाही. माझ्या लहानपणी वर्गाच्या भिंतीवर 'भारतातील लोक' असा एक तक्ता होता आणि आजही मांडवीजवळच्या कागद-पाटीच्या दुकानांत तसाच तक्ता मिळतो. चौकोनाचौकोनांत जोडपी उभी. खाली प्रांताचे नाव. पन्नास-साठ वर्षांत कागद गुळगुळीत झाला, छपाई सुधारली, राज्यांची संख्या वाढली. जोडपी मात्र तीच. त्यांच्यापैकी कोणी काम करताना दिसत नाही, कोणी जेवत नाही, कोणी म्हातारे नाही, कोणाच्या कडेवर मूल नाही.

हा तक्ता आला कोठून? १८५७ च्या उठावानंतर आपले प्रजाजन नेमके कोण आहेत हे ओळखून ठेवावे असे इंग्रज सरकारला वाटू लागले, आणि १८६८ ते १८७५ या काळात 'पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड लंडनहून निघाले. त्यांत साडेचारशेहून अधिक छायाचित्रे होती आणि प्रत्येकाशेजारी त्या जातीजमातीचे वर्णन. हे लोक शूर, हे लबाड, हे आळशी, असे एकेका ओळीत आटोपलेले शेरे त्यांत आहेत. ज्या माणसाचे चित्र, त्याला कोणी काही विचारले नव्हते. याच वृत्तीतून १८७१ साली कायदा झाला आणि कित्येक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा रद्द झाला, तरी चित्राखालचा शेरा लोकांच्या मनातून गेलेला नाही. तेव्हा 'तक्त्यात काय एवढे' असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. चित्राखाली एक ओळ लिहून माणसाचा निकाल लावण्याची सवय आठव्या वर्षी लागली की ती ऐंशीव्या वर्षापर्यंत टिकते, हे मी माझ्यावरून सांगतो.

याला दुसरी, अधिक सुरेख बाजूही आहे, आणि ती आपल्या बडोद्याच्या अंगणातली आहे. सयाजीरावमहाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी राजा रविवर्म्याला १४ पौराणिक चित्रे काढावयास सांगितली. ती काढण्याआधी देवादिकांना कोणता पोशाख द्यावा, जो सर्व हिंदुस्थानाला आपला वाटेल, या शोधात तो उत्तरेत हिंडला. पुढे १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात त्याची १० चित्रे गेली. निरनिराळ्या समाजांतल्या स्त्रिया असा त्यांचा विषय होता, आणि तेथे त्यांना पारितोषिक मिळाले. तक्त्यावरच्या जोडप्यांची ही सुद्धा एक वंशावळ म्हणता येईल. परंतु फरक असा, की रविवर्म्याच्या बायका वाट पाहतात, तंबोरा लावतात, पाणी भरतात, थकतात. पोशाख प्रांताचा असेल, चेहरा मात्र कोणा एकीचा असतो. महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात जाऊन ती पौराणिक चित्रे पुन्हा एकदा पाहावीत म्हणजे मी काय म्हणतो ते ध्यानी येईल. मुलांना मात्र आपण बागेतल्या संग्रहालयात नेतो, तेथे ती देवमाशाचा सांगाडा आणि मिसरची ममी पाहून पुढच्या दालनांतून पळत सुटतात. त्यात मुलांचा दोष नाही. देवमासा देवमासाच आहे.

आता आपल्याकडे वळू. तक्त्यातल्या 'महाराष्ट्र' या चौकोनात नऊवारी नेसलेली एक बाई आणि फेटेवाला पुरुष असतो. माझ्या नातीला शाळेत सांगण्यात आले, "तू महाराष्ट्राची, तू नऊवारी नेसून ये." घरी येऊन तिने विचारले, "आजोबा, आपण महाराष्ट्राचे का?" आता हिला काय सांगावे? १७३४ साली बडोदे कायमचे गायकवाडांकडे आले तेव्हापासून त्यांच्या मागोमाग जी घराणी इकडे उतरली, त्यांतले आमचे एक. नऊ पिढ्या येथे गेल्या. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १ मे १९६० रोजी गुजरात वेगळा झाला. आम्ही घर बदलले नाही, पण आमच्या घरावरची पाटी दोनदा बदलली. आमची मराठी पुण्याची माणसे ऐकतात आणि हसतात. आम्ही ओट्याला ओटला म्हणतो आणि जेवणात वरणभाताशेजारी खमण आणि शेव ठेवतो. संक्रांतीला दिवसभर गच्चीवर पतंग आणि मांजा, आणि संध्याकाळी तोच कापलेला हात तिळगूळ देण्यासाठी पुढे. नवरात्रात गल्लीत गरबा आणि, ज्या घरांत अजून कोणी आजी आहे तेथे, भोंडला. हे सारे कोणत्या चौकोनात बसवावयाचे? तक्ता काढणाऱ्याला आम्ही ठाऊकच नाही. आणि गंमत अशी, की आपल्याला चौकोनात कोंबले की आपल्याला राग येतो. राठवा पोरीला पानांत कोंबले तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या.

आपण अपवाद आहोत असेही कोणी समजू नये. भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण संस्थेने १९८५ साली कुमार सुरेश सिंह यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या समाजांची पाहणी सुरू केली. तिचे नावही 'पीपल ऑफ इंडिया' असेच ठेवले, पण या वेळी माणसांना विचारून. साडेचार हजारांहून अधिक समाजांची नोंद झाली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी आपले पूर्वज कोठून तरी दुसरीकडून आले, असेच सांगितले. म्हणजे प्रांत आणि माणूस यांची जी गाठ तक्ता मारून ठेवतो, ती माणसे स्वतः सांगतात त्या गोष्टीत नाही. बडोद्यातच पाहा ना. फाळणीनंतर आलेले सिंधी वारसियात वसले. १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि मल्याळी, बंगाली, तमिळ कुटुंबे आली. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आहेत. वोहरांची दुकाने आपल्या आजोबांच्याही आधीची. भारताची ओळख करून देण्यासाठी या शहरातल्या मुलाला तक्त्याची गरज का पडावी, हेच मला समजेनासे झाले आहे.

'मग करावे काय?' असे एका शिक्षिकाबाईंनी मला विचारले. बाई कळकळीच्या आहेत. पन्नास मुले, पस्तीस मिनिटांचा तास आणि वरून कार्यक्रमाचे फर्मान. त्यांना पानांचा पोशाख सुचला तो द्वेषाने नव्हे. 'आदिवासींचे पारंपरिक नृत्य असते ना? रंग लावतात ना?' असेही त्या म्हणाल्या. त्यात अर्धे तथ्य आहे आणि म्हणूनच उत्तर नीट द्यावयास हवे. होळीनंतर कवांटला गेरचा मेळा भरतो तेव्हा राठवा पुरुष अंगावर पांढरे ठिपके रेखतात, मोरपिसांचे उंच टोप घालतात, कमरेला घुंगरू-भोपळे बांधून नाचतात. पण ते सणाचे लेणे आहे. त्यामागे नवस असतो, पाळणूक असते, ठरलेले दिवस असतात. आपल्या घरी मंगळागौरीला फुगडी घालतात म्हणून कोणी 'मराठी बायका फुगड्या घालीत बाजारात जातात' असे शिकवले तर? शिवाय पाने कोणीच नेसत नाही. ती चित्रपटातून आली.

ज्या घरी ती पोरगी सुट्टीत जाते तेथल्या भिंतीविषयी मुलांना सांगावे. ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीवर पिठोरा लिहितात. होय, 'काढतात' नव्हे, 'लिहितात' असाच शब्द आहे, आणि लिहिणाऱ्याला लखारा म्हणतात. घरात आजारपण आले, गुरे मरू लागली की नवस बोलतात. तो फळला की भिंतीला पांढऱ्या मातीचा हात देतात, रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात, आणि रात्रभर गाणे चालते. भिंतीवर घोड्यांची रांग उमटते, त्यांत बाबा पिठोराचा घोडा असतो. त्याखेरीज शेत नांगरणारा, विहिरीवर पाणी भरणारी, हिशेब लिहिणारा, हल्ली कधी रेल्वे आणि विमानसुद्धा. लिहून झाल्यावर बडवा येऊन ते वाचतो, आणि काही राहून गेले असेल तर पुरे करावयास लावतो. तक्त्यापेक्षा ही भिंत मला फार मोठी वाटते. तिच्यात सगळे जग काही ना काही करीत असते. आपल्या कलाशाखेतले ज्योती भट्ट गावोगाव हिंडून अशा भिंती आणि अंगणे यांची छायाचित्रे घेत राहिले, त्यामागे ही माती पावसात जाते आणि घर पक्के झाले की परत येत नाही ही जाणीव होती.

भाषेचे पाहा. मुलांना २२ भाषा पाठ करावयास लावतात, आठव्या परिशिष्टातल्या. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे १ कोटी ४ लाख भरले. त्याच गणनेत काश्मिरी सुमारे ६८ लाख, सिंधी २८ लाखांच्या आत, डोगरी २६ लाख, कोकणी साडेबावीस लाख. परिशिष्टात या चौघी आहेत, भिली नाही. यात कोकणीला किंवा सिंधीला उणे म्हणावयाचे नाही. त्यांनी आपले स्थान भांडून मिळवले आहे. पण आपल्या दाराशी विटा वाहणाऱ्या माणसाच्या तोंडी जी भाषा आहे ती देशातल्या मोठ्या भाषांपैकी एक आहे, हे बडोद्याच्या मुलाला कोणीही सांगत नाही. मोठी माणसेही तिला भाषा म्हणत नाहीत, 'त्यांची बोली' म्हणतात. आणि हे त्या शहरात, जेथून २०१० साली गणेश देवी यांनी लोकभाषांचे सर्वेक्षण सुरू केले आणि ज्यात ७८० भाषांची नोंद झाली. देवी जन्माने भोरचे, आपल्याच विद्यापीठात इंग्रजी शिकवीत. ते सोडून बडोद्याच्या पूर्वेला नव्वदेक किलोमीटरवर तेजगढला त्यांनी आदिवासी अकादमी उभी केली. तेथे आदिवासींच्या वस्तूंचे, वाद्यांचे, भाषांचे संग्रहालय आहे. सहली काढावयाच्या तर पावागड आहेच, पण वर्षाआड एक तेजगढचीही काढता येईल.

सहल हवीच असेही नाही. स्वयंपाकघरातली तेलाची बाटली पुरते. आमच्याकडे शेंगदाण्याचे तेल. समोरच्या बंगाली कुटुंबात मोहरीचे. मागल्या बाजूच्या मल्याळी घरात खोबऱ्याचे. तमिळ घरात तिळाचे. का? जेथे जे पिकते ते, हे उत्तर आठ वर्षांचे मूल स्वतः शोधून काढते, आणि मग माती, पाऊस, बाजार, सारा भूगोल त्या बाटलीतून निघतो. दुसरी वस्तू भिंतीवरचे पंचांग. बडोद्याच्या जुन्या मराठी घरात दोन पंचांगे असतात, मराठी आणि गुजराती. एकात शक, दुसऱ्यात विक्रम संवत. एकाचे वर्ष पाडव्याला, चैत्रात बदलते. दुसऱ्याचे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, कार्तिकात. म्हणून दिवाळीआधी दोन्ही आकड्यांची वजाबाकी केली तर १३४ येतात आणि दिवाळीनंतर १३५. नातीला हे दाखवले तेव्हा तिने दोनदा वजाबाकी करून पाहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे एक वर्ष पळून गेले?" उत्तर प्रदेशातल्या कामगाराच्या घरी तिसरेच पंचांग. त्याचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून गोकुळाष्टमीला आपल्याकडे श्रावण असतो आणि त्याच दिवशी त्याच्याकडे भाद्रपद. कृष्ण एकदाच जन्मतो, महिने दोन. 'विविधतेत एकता' हा निबंध याहून चांगला मला लिहिता येणार नाही, आणि मुलांनी तो लिहूही नये.

हे काही मी नवे सांगत नाही, आणि बडोद्याने तर हे सांगण्याची वेळच येऊ देता कामा नये होती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा येथे दत्तक येऊन राजा झाला. त्याने १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्याला लागू केला, मुलींसह. १९१० साली अमेरिकेहून बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयाचे खाते उघडले. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून खेडोपाडी फिरती वाचनालये धाडली. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी जादूचा कंदील आणि चलच्चित्रे दाखवणारी एक वेगळी शाखा काढली. शहरातले ज्ञान खेड्यात जावे ही त्यामागची कल्पना. ती थोर होती. परंतु माझ्या मनात एक भाबडी शंका येते. पेट्या गेल्या त्या भरून गेल्या. येताना खेड्याने त्यांत काही घालून पाठवावे, असे कोणाला सुचले नाही. राजाला दोष देत नाही. तो तीस वर्षे पुढे होता. आपण शंभर वर्षांनंतरही पेटी एकाच दिशेने पाठवत आहो.

काकासाहेब कालेलकरांची येथे आठवण होते. साताऱ्याला जन्मलेला हा मराठी माणूस १९१० साली बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवावयास आला. १९१२ साली इंग्रज सरकारने त्या राष्ट्रीय वृत्तीच्या शाळेचे दार बंद करावयास लावले, तेव्हा तो पायी हिमालयात गेला आणि मग आयुष्यभर गुजरातीत लिहीत राहिला. गांधीजींनी त्याला 'सवाई गुजराती' म्हटले. देश कसा पाहावा हे ज्याने दोन भाषांना शिकवले तो काही काळ आपल्या गावचा शिक्षक होता. आणि साने गुरुजींनी आयुष्याच्या अखेरीस 'आंतरभारती'चा ध्यास घेतला, तोही एकमेकांच्या प्रांताची भाषा शिकण्याचा, एकमेकांच्या घरी जाऊन राहण्याचा. पोशाखाचा त्यात उल्लेख नव्हता.

असो. मी काय केले ते सांगतो आणि थांबतो. शाळेला पत्र लिहिले, की परीक्षक म्हणून माझे चुकले. त्या मुलाचे बक्षीस परत घेऊ नये, कारण त्याने आम्ही हसावे म्हणून जे केले ते उत्तम केले, दोष हसणाऱ्यांचा. उत्तर आले, 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.'

पुढे मार्चमध्ये नातीला प्रकल्प आला: 'भारतातील लोक, कोणतेही एक राज्य किंवा समाज, चित्रासह.' सूनबाई दुकानातून तक्ता आणावयास निघाल्या होत्या. मी म्हटले, उद्या रविवार आहे, आम्ही दोघे जाऊन येतो. सकाळी सात वाजता आम्ही कडियानाक्यावर गेलो. वाचकांनी तो पाहिला आहेच, मोटारीच्या काचेतून. शंभर-दीडशे माणसे उभी असतात, थापी, फावडे, डबा घेऊन. मुकादम येतो, बोटे दाखवतो, चौघे टेम्पोत चढतात. नात आधी माझ्या मागे लपली. मग चहाच्या गाडीशी एक मध्यमवयाची बाई आपल्या मुलीच्या केसांत फणी फिरवीत बसली होती, तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. "मावशी, तुमे शुं खाओ छो?" हा तिचा पहिला प्रश्न. मावशीने डबा उघडून दाखवला: मक्याचा रोटला आणि उडदाची डाळ. मग मावशीनेच विचारावयास सुरुवात केली. तू कोण, कोणत्या शाळेत, तुमचे गाव कुठले? नात म्हणाली, बडोदे. मावशी हसून म्हणाली, ते तर झाले, पण गाव? नातीने माझ्याकडे पाहिले. नऊ पिढ्यांपूर्वीच्या कोकणातल्या गावाचे नाव मी सांगितले. तेथे तुमची जमीन आहे का, असे मावशीने विचारले. नाही, म्हटले. तिने मान हलवली. तिची होती, दीड एकर. पावसात मका व्हायचा आणि उरलेले आठ महिने हा नाका.

नातीने वहीत लिहून आणले. समाज: राठवा. गाव: मावशीने सांगितले ते. जेवण: रोटला, डाळ, कधी मोहाची भाजी. घर: मातीचे, आता निम्मे विटांचे. भाषा: आमच्याशी गुजराती, मुलीशी दुसरी; त्या दुसरीतले सहा शब्द. पोशाख: साडी, वर पुरुषी सदरा, कारण विटांनी हात सोलतात. सण: होळी, त्यासाठी काम सोडून घरी जातात. त्यांनी मला विचारले ते: आमचे गाव कुठले.

वही आठवड्याने तपासून परत आली. खाली लाल शाईत शेरा होता: 'माहिती चांगली. चित्र चिकटवलेले नाही.'